भूक घेऊन ये

ग्वाग्वा, १४ ऑक्टोबर १९९६

प्रिय वेंग,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला टाकलं नसशील, असं धरून चालतो. टाकलं असलंस तरी हरकत नाही. सायकलला डबा बांधून मी दारोदार तोसिनो, म्हणजे साखर-लसणात मुरवलेलं डुकराचं मांस, विकत फिरायचो, तेव्हा पहिल्या हाकेला कुणीच दार उघडत नसे. दुसरी हाक मारायची सवय मला तेव्हापासूनची.

बातमी अशी, की तुझ्या आईनं नवी कढई आणलीय. ज्या घरात लग्नापासून एकाच काळ्या कढईत डुक्कर शिजत आलं, त्या घरात नवी कढई! खिडकीजवळ वेगळ्या खिळ्याला टांगून वर फडकं घातलंय. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणाली, शोभेला. आणि हात लावाल तर याद राखा.

माझे डोळे आता अधू झालेत, पण कान अजून तिखट आहेत. बाजारात पाठ फिरवून उभा राहिलो तरी कोण काय कापतंय ते सांगेन. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या सुरीचा आवाज ऐकला आणि उठूनच बसलो. डुकराच्या मांसावरून सुरी लांब सरकते, सर्रकन. ही सुरी थांबत होती, कातडीला अडत होती, ओली वाजत होती. कोंबडी!

स्वयंपाकघरात गेलो तर बाईसाहेब मांड्यांचं मांस तिरकं कापून त्याला मीठ, साखर, लसूण, अननसाचा रस चोळत बसलेल्या.

"काय चाललंय?"

"दिसत नाही? तोसिनो."

"कोंबडीचं?"

"का? कोंबडीनं काय पाप केलंय?"

ज्यांचं डुक्कर मेलं त्यांनी कोंबडीचं तोसिनो करावं, हे तिचंच वाक्य. जन्मभर ऐकलंय मी. पण धंद्यात एक शिकलोय, गिऱ्हाईक स्वतःहून बोलायला लागलं की आपण तोंड मिटून ठेवायचं. मांस चोळता चोळता, खाली मान घालून ती म्हणाली, "त्यांच्यात कोंबडी चालते ना?"

'त्यांच्यात' म्हणजे कुणाच्यात, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाच वर्षांत या घरात तुझं नाव कुणी उच्चारलेलं नाही. त्या दिवशीही उच्चारलं नाही. पण ते चुलीपाशी येऊन बसलं होतं एवढं नक्की.

चालते म्हणालो. त्यापुढचं मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र. कोंबडीचं काय काय सांभाळलं म्हणजे तुला ती खाता येईल, ते अलिनोरला विचारून कळव. मुस्लिम माणसाला पोरगी दिली म्हणून गाव मला काय काय बोलला. पण माझं मत विचारशील तर जावई सभ्य आहे. पाच वर्षांपूर्वी त्या जत्रेच्या दिवशी एवढं रामायण झालं, पण निघताना तो एकटाच 'येतो' म्हणाला.

तुझी आई थोडी वाळलीय. सान फेर्नांदोच्या डॉक्टरनं आराम सांगितलाय. तिनं कधी कुणाचं ऐकलंय? काळजी नको.

तुझा,
तातांग


ग्वाग्वा, ११ नोव्हेंबर १९९६

प्रिय वेंग,

तुझं उत्तर आलं. चारच ओळी, पण आलं. कोंबडी मुसलमानाच्या हातची कापलेली हवी, डुकराची भांडी नकोत, दारूचा थेंब नको. आणि चौथी ओळ: 'इमा काय बोलली होती ते तिला आठवत असेलच.'

आठवतं तुझ्या आईला, पोरी. मीही त्याच टेबलाला बसलो होतो. गावच्या जत्रेची सकाळ, तू नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा आलेली. जावयासाठी तिनं सगळ्यात चांगलं डुक्कर निवडलं होतं. तू सांगितलं होतंस, आम्ही डुक्कर खात नाही. तिच्या डोक्यात आपलं ख्रिस्ती उपासाच्या महिन्यातलं गणित. आपण शुक्रवारी मांस खात नाही, तसंच यांचं असेल. टेबलावर बशा मांडताना मला हळूच म्हणाली होती, "आज शुक्रवार नाही ना? मग झालं तर." तू बशी सरकवलीस आणि ती म्हणाली, "ज्या डुकरानं तुला शाळा शिकवली, त्याचाच तुला विटाळ होतो?" तू अर्ध्या जेवणातून उठलीस. त्यापुढं काय झालं ते तू पाहिलं नाहीस. ते पुढं कधीतरी सांगेन. आत्ता नको, ती आत जागी आहे.

तर कोंबडी. बाजारात तुमच्या मिंदानाओहून आलेला मुसलमान कापडवाला उसोदान आहे. त्याच्याकडे गेलो. माझं दुकान डुकराचं, तरी मला चहा दिला म्हाताऱ्यानं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दर शुक्रवारी कापून देतो, दुकानात नको, मी घरी पोचवतो, तुमच्या सुरीला लागायला नको. घरी आला तेव्हा तुझ्या आईनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढच्या वेळी अंडी पण आण म्हणून सांगितलं. आता ती बोलणार आपल्याच भाषेत, मनिलाची भाषा तिला बोलायची नसते. एबुन आण म्हणाली. आपल्यात एबुन म्हणजे अंडं, पण मनिलावाल्यांत इबोन म्हणजे पक्षी. उसोदानला मनिलाचीच भाषा येते. पुढच्या शुक्रवारी बिचारा एक कोंबडी आणि पिंजऱ्यात एक पारवा घेऊन दारात उभा. मी हसून हसून खोकलो. तुझी आई म्हणाली, "आणलाय तर राहू दे." पारवा आता खिडकीत असतो. घुमतो दिवसभर. तिला आवडतं ऐकायला.

पहिली खेप मात्र फुकट गेली. नवं भांडं, नवी सुरी, नवी कढई, उसोदानची कोंबडी, सगळं तू लिहिलंस तसं. मांस चोळून झालं, आणि तुझ्या आईचा डावा हात आपोआप फळीवर गेला, बडीशेपेच्या दारूची बाटली उचलली, बुचाभर ओतली, बाटली परत जागेवर. तिला कळलंही नाही. तिची आई घालायची, तिची आजी घालायची. तोसिनो म्हटलं की हात तिकडं जातोच. मला वास आला. म्हणालो, "नार्सिसा, काय ओतलंस?"

हाताकडे बघत राहिली. मग भांडं उचललं आणि सगळं शेजारच्या कुत्र्यांना घातलं. भांडंसुद्धा फोडलं. मी म्हणालो, धुतलं असतं तरी चाललं असतं. म्हणाली, "मला चाललं असतं. तिला चाललं नसतं."

तिला. नाव अजून नाही, पण 'त्यांच्यात'वरून 'तिला'वर आलीय.

आता दारूऐवजी चक्रीफूल उकळून त्याचं पाणी घालते. वास तोच, पाप नाही. ती बाटली मी दुकानात नेऊन ठेवली.

तुझा,
तातांग


ग्वाग्वा, ३ डिसेंबर १९९६

प्रिय वेंग,

कोंबडी म्हणजे डुक्कर नव्हे, हे मला या वयात शिकावं लागलं. डुकराच्या तुकड्याला स्वतःची चरबी असते. साखर कितीही घाला, ते सांभाळून घेतं. कोंबडी लाजाळू. जरा आच वाढली की साखर जळते आणि आत कच्चं राहतं, आच कमी केली की चिवट होते. दोन खेपा मी खाल्ल्या, एक शेजारणीनं नेली आणि परत मागायला आली नाही, यावरून समज.

पण तुझी आई हटली नाही. आता जमलंय. कातडी ठेवायची, मांडीचंच मांस घ्यायचं, रस आटेपर्यंत हातानं मळायचं, चिकट झालं पाहिजे. शेंदरीच्या बियांचं पाणी रंगापुरतं. कढईत आधी तेल नाही, पाणी घालायचं. झाकण ठेवायचं. पाणी आटलं की मग चमचाभर तेल, आणि तिथून पुढं नजर हलवायची नाही. खरं म्हणजे नजर नको, कान हवा. पाणी असेतो बुडबुड वाजतं. ते संपलं की क्षणभर काहीच वाजत नाही. मग चरचर सुरू होते. त्या गप्प क्षणातच आच कमी करायची. हे तिचं ज्ञान नाही, माझं आहे. पण ती सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगते. सांगू दे.

चव मलाच बघावी लागते. तिच्या तोंडाला चव नाही म्हणते, नुसत्या पेजेवर असते. झगे आत घेऊन शिवलेत. पासिंगमावशी आपलं घर सोडून आमच्याकडे राहायला आलीय, सोबतीला म्हणून. तुझ्या मावशीचा स्वभाव तुला ठाऊक आहे. ती सोबतीला आली की आपल्याला सोबतीची गरज का होती तेच विसरायला होतं. उठल्यापासून माझ्यामागं: देल्फिन, चप्पल उलटी पडलीय, देल्फिन, झाडू उभा का ठेवलास, देल्फिन, मुसलमान कापडवाला घरात कशाला येतो. तुझी आई एकदा आतून म्हणाली, "ताई, तो मला अंडी आणून देतो. तू काय आणलंस?" तेव्हापासून जरा शांत आहे.

काही गोष्टी लिहायच्या नाहीत असं मला बजावलंय, म्हणून लिहीत नाही. तू विचारू नकोस. एवढंच लिहितो, की तुझी आई तुला नाश्त्याला बोलावतेय. हो, तिनंच सांगितलं. "लिहा तिला. बारा जानेवारीला ये म्हणावं. सणाची गर्दी ओसरलेली असेल. सकाळी ये. लसणाचा भात, अंडं आणि तोसिनो. आणि वाटेत काही खाऊ नकोस म्हणावं, भूक घेऊन ये."

तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे आहेत. मी घातलेला शब्द एकच, तो माझाच समज: लवकर.

तुझा,
तातांग


ग्वाग्वा, २३ डिसेंबर १९९६

प्रिय वेंग,

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. दहा जानेवारीपासून तुमच्या रोजाचा महिना, दिवसा पाणीसुद्धा नाही. म्हणजे आम्ही तुला बरोबर अशा दिवशी नाश्त्याला बोलावलं, ज्या दिवशी जगातला कुठलाच मुसलमान नाश्ता करत नाही. मला वाटलं, आता ही तोंड फिरवणार. मावशीनं लगेच संधी साधली: "बघ. तू कोंबड्या मळ, ती उपास करेल."

तुझी आई उशीला टेकून बसली होती. पारव्याकडे बघितलं आणि हसायला लागली. अगं, खरंच हसली, पोट धरून, मग ते दुखलं म्हणून थांबली. म्हणाली, "मागच्या वेळी तिला चालत नाही ते वाढलं, आता चालत नाही तेव्हा वाढतेय. मला कोणी नाश्ता करू देणार नाही वाटतं." मग मला म्हणाली, "विचारा, रोजे कधी संपतात."

तू लिहिलं आहेस, ईद नऊ किंवा दहा फेब्रुवारीला, आणि अकराच्या जहाजानं निघता येईल. ते तिला सांगितलं. बोटांवर काहीतरी मोजलं तिनं. काय मोजलं ते मला दिसलं नाही असं मी दाखवलं.

"ईदनंतर ये म्हणावं," म्हणाली. "महिनाभर उपाशी राहून येईल. त्याहून चांगली भूक कुठली?"

पोरी, तुमच्यात प्रवासाला निघालेल्यानं रोजा नंतर पुरा केला तरी चालतं, असं उसोदान सांगत होता. मी आपलं सहज विचारलं होतं त्याला. तूही आपलं सहज अलिनोरला विचार. म्हणजे बारा जानेवारीलाही येता येईल. मी काही सांगत नाहीये. मी फक्त विचारतोय.

आणखी एक. काल दुपारी मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. आत ती एकटीच होती. पारव्याशी बोलतेय असं वाटलं, म्हणून कान दिला. म्हणत होती, "नोरैदा. नोरैदा." तुझं नवं नाव. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नीट म्हणाली. मग पारव्याला म्हणाली, "वेंग सोपं होतं, नाही रे?"

तुझा,
तातांग


ग्वाग्वा, २८ जानेवारी १९९७

प्रिय वेंग,

जहाजाचं तिकीट काढलंस, अकराला इलिगानहून निघणार, तेराला सकाळी मनिला, तिथून बस. कळलं. बारा जानेवारीला का आली नाहीस ते लिहिलंस, तेही कळलं. सासूबाईंच्या घरात पहिल्यांदाच तुझ्याकडे रोजाचा सगळा स्वयंपाक आलाय, तो टाकून निघवत नाही. बरोबर आहे. सून म्हणून तू बरोबर आहेस. मला फार सांगता येत नाहीये, एवढं समजून घे.

तुझी आई आता आळशी झालीय. पलंग स्वयंपाकघराच्या दारापाशी आणून ठेवलाय आणि बाईसाहेब तिथून हुकूम सोडतात. परवा मी एक खेप तळायला घेतली, सरावाला. तिला दिसत काहीच नव्हतं, मधे भिंत. मी बाजारात तोसिनो तळत म्हातारा झालो आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, "आच कमी करा." मी म्हणालो, अजून पाणी आहे. "संपलं. ऐका." खरंच संपलं होतं. माझ्या कानांना जे ऐकू आलं नाही ते तिनं ऐकलं. मी म्हणालो, हे तर माझंच ज्ञान. म्हणाली, "होतं."

तेरासाठी दहा तारखेलाच मुरत घालायचं ठरलंय, म्हणजे तू पोचशील तेव्हा बरोबर मुरलेलं असेल. उसोदानला सांगून ठेवलंय. ईदच्या गडबडीतही तो कोंबडी देणार आहे.

समुद्र शांत राहो. शाल घेऊन नीघ, जहाजाच्या डेकवर वारं असतं.

तुझा,
तातांग


ग्वाग्वा, ६ मार्च १९९७

प्रिय वेंग,

तू इथून गेल्यावर दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. तुझं पत्र काल आलं. 'मला का सांगितलं नाही' असं विचारतेस. तुला रागवायचा हक्क आहे. पण उत्तर माझं नाही, तिचं आहे, म्हणून तिचेच शब्द देतो. ऑक्टोबरात सान फेर्नांदोहून परत येताना, जीपमध्ये, रिपोर्टाचं पाकीट मांडीवर ठेवून ती म्हणाली होती: "तिला कळवायचं नाही. आई मरतेय म्हणून आलेली मुलगी रडायला येईल. मला ती जेवायला यायला हवीय." घरी पोचायच्या आधी बाजारात उतरलो आणि तिनं ती कढई घेतली.

बारा तारखेला सकाळी ती गेली तेव्हा तू समुद्रावर होतीस. जहाजाला निरोप देणार कसा? मावशी म्हणाली, बंदरावर कुणालातरी पाठवू. मी नको म्हणालो. बसमधले ते दोन तास तरी पोरीला नाश्त्याला निघालेली राहू दे, असं वाटलं.

त्या दिवशी तू जे पाहिलंस ते पुन्हा सांगत नाही. तू पाहिलं नाहीस ते सांगतो.

तू डोक्यावर रुमाल घेऊन दारात आलीस, मयताला सोबत म्हणून अंगणात पत्ते खेळत बसलेले थांबले, तू शवपेटीपाशी जाऊन बसलीस. जहाजावर तू काही खाल्लं नव्हतंस हे तुझ्या ओठांवरून दिसत होतं. भूक घेऊन ये म्हटलं होतं, तू घेऊन आली होतीस. स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी सगळं डुकराचं. आणि बर्फाच्या पेटीत तिच्या हातची कोंबडी, दहा तारखेला पलंगावर बसून, मांडीवर भांडं घेऊन मळलेली. शेवटी शेवटी हात चालेनात, तर मला म्हणाली भांडं धरा, पण तुम्ही मळू नका.

मी नवी कढई काढली. मावशी चुलीपुढं येऊन उभी.

"देल्फिन, घरात प्रेत आहे."

"आहे. तिनंच मुरवलीय ही."

"मयताच्या घरात कोंबडी? कोंबडी माती उकरते. एकामागं दुसरं जातं. पुढचा खड्डा कुणाचा, ठाऊक आहे तुला?"

"वयानं बघायला गेलं तर तुमचा, ताई. तुम्हीच सावध राहा."

एरवी तिनं झाडू उचलला असता. त्या दिवशी नुसती ओठ दाबून बाजूला झाली. मी कढईत पाणी घातलं, मांस घातलं, झाकण ठेवलं. बुडबुड सुरू झाली. बाहेर जपमाळ चालली होती, खिडकीत पारवा घुमत होता, आणि मी तो गप्प क्षण ऐकायचा प्रयत्न करत होतो. भिंतीपलीकडून कुणी सांगेल म्हणून वाट पाहिली. मग आच कमी केली. थोडी उशिराच केली असेन. कडा काळ्या झाल्या होत्या, तुझ्या लक्षात आलं असेल.

बशी तुझ्यापुढं ठेवली. पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला लिहू दे. तू वास घेतलास. विचारलंस, "कुणी केलं?" मी म्हणालो, तुझ्या आईनं. तू घास उचललास, तोंडापाशी नेलास आणि पुन्हा खाली ठेवलास.

"तातांग, इमा अशी घरात असताना? कोंबडी? तुम्हाला काही झालं म्हणजे?"

डुक्कर सोडलंस, चर्च सोडलंस, नाव सोडलंस, पोरी; पण ही भीती घेऊन गेली होतीस. तुझ्या सासरी कुणाला ठाऊकही नसेल की कोंबडी माती उकरते. मी स्वयंपाकघरात परतलो तर मावशी दाराआड उभी राहून रडत होती. जिनं पाच वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली ती बाई माझी बाही धरून म्हणाली, "बघितलंस? पोरगी आपलीच आहे रे."

मला मात्र काय वाटलं सांगू? वाटलं, परकी झाली असतीस तर बरं झालं असतं. खाल्लं असतंस.

मग माती झाली. दुसऱ्या सकाळी तुझी निघायची घाई. चाळीस दिवस होईतो मावशी कोंबडीचं नाव काढू देईना. अंड्यावर मात्र विचार करून निकाल दिला, अंड्याला अजून पाय फुटलेले नाहीत, ते माती उकरत नाही. म्हणून तुला भात आणि अंडं. उसोदानच्या भाषेतला पक्षी. अर्धं खाल्लंस तोच जीपवाल्यानं भोंगा वाजवला आणि तू उठलीस. मी फाटकापर्यंत आलो नाही. घरात सुतक असताना पाहुण्याला पोचवायला जायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे. अलिनोरला नसेल, त्याला समजावून सांग. म्हातारा रागावला होता असं त्याला वाटायला नको.

मी टेबलाशीच बसून राहिलो. आणि मी माझी बशी जागच्या जागी गोल फिरवली. समोर मावशी होती, तिनंही कुरकुरत फिरवली. आपली ही रीत तुला माहीत आहे, पण ती तुझ्यासाठी केलेली तू कधी पाहिली नसशील. कुणी पाहत नाही. जेवणातून उठून जाणारा सुखरूप पोचावा म्हणून मागं राहिलेल्यांनी बशी फिरवायची, आणि जाणारा तर पाठ फिरवून गेलेला असतो.

आता ते राहिलेलं सांगतो. पाच वर्षांपूर्वी, जत्रेच्या सकाळी, तू अर्ध्यातून उठून गेलीस, फाटक आपटलं, अलिनोर 'येतो' म्हणून तुझ्यामागं धावला. तुझी आई दगडासारखी बसली होती. तोंड लाल, डोळे कोरडे. मला वाटलं, आता ही बशी भिंतीवर फेकणार. तिनं दोन्ही हातांनी बशी धरली आणि हळूच, आवाज न करता, फिरवली. पूर्ण एक फेरा. मी बघतोय हे तिला दिसलं. म्हणाली, "एक अक्षर बोललात तर बघा." आज पहिल्यांदा सांगतोय. तुझी बस मनिलाला पोचली असेल त्या वेळेपर्यंत ती तिथंच बसून होती, बशीवर हात ठेवून.

मावशी परवा तिच्या घरी गेली. पारवा मी सोडून दिला होता, परत येऊन खिडकीत बसला. तिच्या हातची उरलेली कोंबडी मी दुकानाच्या बर्फात वेगळी ठेवलीय, डुकरापासून लांब, वर तुझं नाव चिकटवून. दोन्ही नावं. मी तिला हात लावलेला नाही.

चाळिसावा दिवस चोवीस मार्चच्या आगेमागे येतो. त्यानंतर घरात कोंबडी चालते, मावशीलासुद्धा विचारून घेतलंय. अलिनोरलाही आण. सकाळी ये. कढई चुलीवर असेल. आच तू सांभाळ, माझे कान आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.

एकच मागणं आहे. या वेळी बशी पूर्ण रिकामी करून मग ऊठ. तू अर्ध्यातून गेलीस तर फिरवायला आता या टेबलावर एकच बशी उरलीय.

तुझा,
तातांग